एक्केचाळीस क्रमांकाचा डावा खांदा

रुग्णालयाच्या तळघरात, जेथे दिवसाचा प्रकाश छताजवळच्या अरुंद झडपेतून जणू परवानगी मागून आत येत असे, तेथे मामांनी सव्वीस वर्षे वाफेच्या सहवासात घालवली. मामा हे त्यांना सर्वांनी दिलेले नाव, आणि धुलाईघरातील इस्त्रीचे टेबल हे त्यांचे अधिष्ठान. वरच्या सात मजल्यांवर कोण जन्मले, कोण गेले, याची वार्ता त्यांच्यापर्यंत शब्दांनी क्वचितच पोहोचे. ती येई वस्त्रांनी. रोज सकाळी लिफ्टमधून डॉक्टरांच्या पांढऱ्या एप्रनांची गाठोडी उतरत, आणि त्या धवल राशीतून मामा माणसे ओळखून काढीत. कॉलरच्या आत लाल दोऱ्याने भरलेला क्रमांक, एवढीच प्रत्येकाची संज्ञा. सतरा क्रमांक चिंतातुर, कारण त्याच्या उजव्या बाहीची कड नेहमी चावलेली. तीस क्रमांक विसराळू. त्याच्या खिशात रोज कुणा दुसऱ्याची पेन्सिल. खिशातून निघेल ते परत करावे, खिशात आपले मात्र काही घालू नये, हा मामांच्या व्यवसायाचा धर्म होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही.

एक्केचाळीस क्रमांकाची गोष्ट निराळी होती. त्या एप्रनचा डावा खांदा सदैव चुरगळलेला असे. त्यावर दुधाचे डाग असत, लाळेचे वाळलेले ओघळ असत, अश्रूंच्या मिठाची पुसट किनार असे. कोणीतरी रडणाऱ्या बालकांना त्या खांद्यावर घेऊन फिरत आहे, हे मामांना कोणी सांगण्याची गरज पडली नाही. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी, खळ घातलेला तो खांदा इस्त्रीखाली पत्र्यासारखा ताठ होताना पाहून त्यांचा हात थबकला. इतक्या कडक कापडावर तापलेला कोवळा गाल कसा टेकावा? त्या दिवसापासून एप्रन खळीतून निघाला, की डावा खांदा तेवढा ते साध्या पाण्यात दोनदा खळबळून काढीत आणि आतल्या बाजूने, ओलसर असतानाच, हलकी इस्त्री फिरवीत. बाकी सारी परीटघडी. तेवढी एक वीतभर जागा सायीसारखी मऊ. हे कोणाला ठाऊक नव्हते. वाफेचे ढग उठत, त्या ढगांतून एक्केचाळीस क्रमांकाची आकृती त्यांना दिसे. उंच, कृश, मंद स्वराची, बहुधा स्त्री. ती पाण्यावरून चालावे तशी खोल्यांतून चालत असे. ती कोण, हे मामांनी कधी विचारले नाही. काही माणसे न पाहण्यातच आपली असतात.

सव्विसाव्या वर्षाच्या अखेरीस मात्र सूचनाफलकावर कागद लागला. धुलाईघर बंद होणार, कपडे नव्या वर्षापासून बाहेरच्या कारखान्यात जाणार, मामा निवृत्त होणार. स्वतःच्या निवृत्तीचे त्यांना फार वाटले नाही. पण कारखान्यात यंत्र होते, आणि यंत्र सर्व कापडाला सारखीच खळ लावते. शेवटचे गाठोडे वर पाठवताना त्यांनी लिफ्टवाल्याला विचारले, “एक्केचाळीस कोण रे? एक निरोप द्यायचाय.”

“नंबर ज्याचा त्यालाच माहीत, मामा. आणि तुमचा निरोप माझ्या हाती कशाला?” लिफ्टवाला हसला. “उद्या दुपारी वर स्नेहसंमेलन आहे. सगळे एकाच जागी सापडतील. जा की स्वतः!”

मामा त्या वार्षिक संमेलनाला एकदाही गेले नव्हते. घरी विषय निघताच पत्नीने हातातले भांडे खाली ठेवले.

“तुम्ही? आणि तिथे? अहो, माझ्या भावाकडे गेलात तर दारातच त्याच्या सदऱ्याची चुणी ओढून सरळ केलीत. अजून ऐकवतो तो मला!”

“चुणी होती,” मामा म्हणाले.

मुलगी एका कचेरीत नोकरीला होती. अशा समारंभांचे शास्त्र तिला मुखोद्गत होते. “बाबा, नीट ऐका. गेल्यागेल्या खाण्याच्या टेबलाकडे वळायचं नाही. कामाचं बोलायचं नाही. मोठ्या डॉक्टरांना स्वतःहून हटकायचं नाही. हसायचं, अर्धा तास थांबायचं, निघायचं.”

“आणि कुणाच्या कॉलरला हात लावायचा नाही,” पत्नीने पुस्ती जोडली. “हात खिशात ठेवा सरळ.”

“कामाचं बोलायचं नाही, तर मग जाऊ कशाला?” मामांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट त्यांना घेऊन वर निघाली. सव्वीस वर्षे जी केवळ वस्त्रांची ने-आण करीत होती, ती आज एक माणूस वर नेत होती. सातव्या मजल्यावरचे सभागृह तिन्ही बाजूंनी काचेचे. हिवाळ्याचे ऊन त्यात दुधासारखे साठले होते. कागदी फुलांच्या माळा संथ हलत होत्या. मामा उंबरठ्यावर उभे राहिले. सर्वांनी घरचे कपडे घातले होते. निळे, पिवळे, चौकटींचे. एकावरही क्रमांक नाही, ओळखीचा एक डाग नाही. ज्यांच्या बाह्या, खिसे, कोपरे ते स्वतःच्या तळहाताप्रमाणे जाणत होते, ती शंभर माणसे त्यांच्यासमोर परकी होऊन तरंगत होती. स्वप्नात आपल्याच घराची दारे भलतीकडे उघडावीत, तसे त्यांना झाले.

खिडकीजवळ एक उंच, कृश बाई मंद हसत उभ्या होत्या. अगदी वाफेतल्यासारख्या. मामा धीर करून पुढे झाले.

“मॅडम, एक्केचाळीस ना आपण?”

“अय्या, मामा! छप्पन्न पूर्ण झाली मला,” त्या खूश होऊन म्हणाल्या. “ग्रंथालयात बसते ना, ऊन लागत नाही.”

“म्हणजे एप्रन...”

“मला कुठला एप्रन? धुळीचं फडकं आहे एक!”

मामा नमस्कार करून मागे सरले. अर्धा तास होत आला होता. लोक पांगू लागले की ही संधी पुन्हा यायची नाही, आणि सोमवारी नवे वर्ष लागले की तो खांदा ताठ होणार. ते भिंतीशी उभे राहिले आणि त्यांनी रंगांकडे पाहणे सोडून दिले. कापडाला घडी पडते तशी देहालाही पडत असली पाहिजे, असे त्यांच्या मनात आले. मग ते केवळ खांदे पाहू लागले.

कोपऱ्यात एक बुटके, रुंद गृहस्थ एकटेच बशी घेऊन उभे होते. त्यांचा डावा खांदा किंचित उतरला होता, मान उजवीकडे कललेली होती, जणू डावीकडे जागा करून ठेवली आहे. आणि ते एका पायावरून दुसऱ्या पायावर अतिमंद लयीत झुलत होते. खांद्यावर कोणीही नव्हते.

“त्यांच्या वाटेला जाऊ नका हं, मामा,” शेजारची परिचारिका कुजबुजली. “लहान मुलांचे डॉक्टर. आम्ही त्यांना गडगडाट म्हणतो. काल माझ्यावर असे ओरडले, की खिडक्या हलल्या.”

मामा गेले.

“साहेब, आपला नंबर एक्केचाळीस का?”

“हो! का? फाडलात एप्रन?” आवाजासरशी सभागृह वळून पाहू लागले.

“फाडला नाही. डाव्या खांद्याला खळ ठेवत नाही मी. पोरांच्या गालाला टोचते म्हणून. अकरा वर्षं.”

डॉक्टरांच्या हातातली बशी तिरकी झाली.

“मला वाटायचं, पोरांनी चघळून मऊ केलाय.”

“आता यंत्र आलंय, साहेब. ते सगळ्याला सारखीच खळ लावणार.”

“सांगतो मी त्यांना.”

“यंत्राला ओरडून काय होणार?”

डॉक्टरांनी मामांकडे टक लावून पाहिले, मग बशी खाली ठेवली आणि बाह्या दुमडल्या. “मग मी घरी करीन. दाखवा.”

“इथे? सगळ्यांदेखत?”

“मग कुठे? सोमवारी तुम्ही सापडणार आहात का?”

मामांनी टेबलावरची भांडी बाजूला सारली. टेबलावरची चादर त्यांनीच परवा खळ घालून इस्त्री केलेली होती. तिचा कोपरा त्यांनी पेल्यातल्या पाण्यात बुडवला, चोळला, पिळला, पुन्हा बुडवला. चहाची सपाट बुडाची गरम किटली त्यांनी डॉक्टरांच्या हाती दिली आणि त्या जाड मनगटावर आपला हात ठेवला.

“आतल्या बाजूने. अहं, दाबायचं नाही, साहेब. वजन किटलीचं, आपलं नाही. फिरवा... असं. थोडी ओल राहू द्या.”

ग्रंथालयातल्या बाई जवळ आल्या, परिचारिका आली. हळूहळू वर्तुळ जमले. ओल्या कापडातून एक सूक्ष्म वाफ उठली आणि उन्हात उभी राहिली.

“आता गाल लावून बघा,” मामा म्हणाले.

आणि ज्यांच्या आवाजाने खिडक्या हलत, ते डॉक्टर सर्वांसमक्ष वाकले, त्यांनी डोळे मिटले आणि आपला गाल त्या चादरीच्या कोपऱ्यावर टेकवला. बाहेर ऊन कलत होते.

“अजून थोडं टोचतंय,” ते इतक्या हळू म्हणाले, की मामांना ऐकायला वाकावे लागले.

“मग पुन्हा पाणी,” मामा म्हणाले, आणि त्यांनी पेला पुढे सरकवला.