खिडकीच्या सीटवर पंधरा तास

माझ्या सासूबाई लाजेपायी गेल्या.

डॉक्टरांनी कागदावर दुसरं लिहिलंय. पण खरं हेच आहे.

आज वर्ष झालं.

कुसुमबाई. अकोल्याला जठारपेठेत राहायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. माझ्या बायकोची, स्नेहलची आई.

आम्ही टोरांटोला असतो. स्नेहलचे दिवस भरत आले होते. मी अमरावतीला घरी आलो होतो, परत जाताना सासूबाईंना सोबत न्यायचं ठरलं. त्यांचा पहिलाच विमानप्रवास. नागपूरहून दिल्ली, आणि पुढे सलग पंधरा तास.

मी स्वच्छतेचा किडा आहे, हे माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या सगळ्यांना माहीत आहे.

विमानाची तर मला मनापासून किळस आहे. समोरच्या खिशात कुणाचे तरी नाक पुसलेले टिश्यू. ट्रेच्या खाली च्युइंगगम. मागच्या रांगेत एक गृहस्थ निवांत पायाची नखं कापत बसलेले.

मी वाइप्स काढले आणि सासूबाईंची सीट, बेल्ट, ट्रे, स्क्रीन, खिडकी, सगळं घासून पुसलं. सॅनिटायझर दिलं. मास्क दिला. घरून आणलेली चादर दिली.

त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "जवाईबापू, पोळ्याले आमी बैलबी एवढा पुसत नाही."

खूप हसलो आम्ही.

खिडकीची सीट मी त्यांना मुद्दाम घेतली होती. सासूबाई पहिल्यांदा विमानात बसतायत, खिडकी द्यायलाच पाहिजे. मी मध्ये. कडेला एक अनोळखी माणूस. त्यानं बूट-मोजे काढून उघडे पाय समोरच्या सीटला लावले होते. वास यायला लागला. मी मास्कवर मास्क चढवला आणि त्याच्याकडे पाठ केली.

पहिल्या जेवणानंतर सासूबाई एकदा टॉयलेटला जाऊन आल्या. रुमाल नाकाला.

फरशीवर पाणी होतं, म्हणाल्या. पाणीच असेल असं समजू या, असं मी मनात म्हटलं. लोक त्यातून मोजे घालून चालत होते, आणि तेच मोजे घेऊन सीटवर मांडी घालत होते. सिंकमध्ये कुणीतरी चूळ भरून ठेवलेली.

"याच्यापरस आपला एसटी स्टँड बरा बाप्पा," एवढंच बोलल्या.

त्यानंतर एअर होस्टेस जितक्या वेळा पाणी घेऊन आली तितक्या वेळा त्यांनी मान हलवली. नको.

मला वाटलं, तहान नसेल. किंवा त्या ग्लासाची शिसारी आली असेल. मलाही येतेच की.

मी दोनदा उठलो. त्या उघड्या पायांवरून कसाबसा पलीकडे गेलो, हात धुतले, आलो, परत सॅनिटायझर लावलं.

अर्धा प्रवास झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "जवाईबापू, थे भाऊ झोपले काय?"

मी म्हटलं, हो. उठवू का?

"नाई, राहू द्या. म्या असंच इचारलं."

आणि मी परत डोळ्यांवर पट्टी ओढली.

सात तास, मित्रांनो. त्यानंतर त्या बाईनं सात तास जागा सोडली नाही. जावयाला कसं सांगायचं, मला लघवीला जायचंय म्हणून?

घरी पोचलो तेव्हा पाय ओढत चालत होत्या. मुंग्या आल्यात म्हणाल्या. मी खोलीत शिरलो की साडी खाली ओढून पाय झाकायच्या. स्नेहलला टेन्शन नको म्हणून तो सुजलेला पाय तिलाही दाखवला नाही.

तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी लाडू वळता वळता खाली बसल्या. श्वास घेता येईना. अॅम्ब्युलन्स आली, तोवर सगळं आटोपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, पायात गाठ झाली, ती फुप्फुसात गेली. तासन् तास बसून राहणं, त्यात पाणी नाही. असं होऊ शकतं.

त्यांनी मला विचारलं, प्रवासात त्या उठून फिरल्या होत्या का?

माझ्या तोंडून निघालं, "त्यांना विंडो सीट होती."

नंतर स्नेहलनं सांगितलं. आई प्रवासात पाणी पीतच नाही. एकतीस वर्षं सकाळच्या एसटीनं शाळेत जायची. स्टँडवरच्या संडासात पाय ठेवायची सोय नाही, शाळेतल्या संडासाला कडी नाही. म्हणून घरून निघताना एक घोट, आणि मग थेट संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याभर. तिच्या सगळ्या मैत्रिणींचं हेच.

"तुला माहीत नव्हतं?" तिनं विचारलं.

नव्हतं. मी पुरुष. त्याच रस्त्यांवर मी कुठंही गाडी थांबवून उभा राहिलोय.

अकरा दिवसांनी मुलगी झाली. आजी तीन दिवस त्याच घरात होती, आणि दोघींची भेट नाही.

फोनवर एका नातेवाइकानं सांत्वन केलं. भाग्यवान हो, हाल न होता गेल्या, तेही फॉरेनला. मी फोन ठेवून बेसिनपाशी जाऊन ओकलो.

कडेच्या त्या माणसाची किळस वाटायची, अजून वाटते. पण त्याला खांद्याला हात लावून उठवलं असतं तर तो फार तर तोंड वाकडं करून उठला असता. मला त्याच्याशी बोलायचंही नव्हतं. माझे हात स्वच्छ राहायला हवे होते ना.

ही जी शिसारी आहे, ती वर्षभर माझी मलाच येतेय.

कुणी आईला, सासूला घेऊन लांबच्या विमानानं जाणार असाल तर वाइप्स न्या, मास्क न्या, काय न्यायचं ते न्या. पण त्यांना कडेची सीट द्या. आणि दर दोन तासांनी स्वतः विचारा, संडासला जायचं का. हाच शब्द वापरा. "फ्रेश व्हायचं का" वगैरे नको. त्या लाजतील, रागावतील, आजूबाजूचे बघतील. बघू द्या.

आई, तुम्ही मला विचारलं होतं. तुमच्या पद्धतीनं, जेवढं जावयाला विचारता येतं तेवढं.

मला कळायला हवं होतं.

जय भीम, आई.