देब्रे बिरहानचं दूध आणि माझी सही

“रजिस्टरमधल्या नोंदी खोट्या आहेत, एवढं लिहून पाठवा. बाकी आम्ही बघतो,” पुण्याहून कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले.

मी लिहिलं, खाली नाव घातलं आणि मेल पाठवूनही दिली.

रजिस्टर होतं इथिओपियातल्या देब्रे बिरहान गावच्या दूध केंद्राचं. मी बसलो होतो अंबाजोगाईला, माझ्या माडीवर. दूध थंड करणाऱ्या टाक्यांची दुरुस्ती करण्यात माझी सगळी नोकरी गेली. टाकी म्हणजे मोठा स्टीलचा फ्रीजच. दूध ओतलं की तीन तासांत चार डिग्रीवर आलं पाहिजे. तिचा कंट्रोलर दर थोड्या वेळानं तापमान टिपतो आणि ते मला इथे लॅपटॉपवर दिसतं. रिटायर झाल्यावरही कंपनी परदेशातल्या तक्रारी माझ्याकडे पाठवते.

ते गावही आमच्यासारखंच डोंगरमाथ्यावरचं, फक्त कितीतरी उंच. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. सकाळी खिडकीशी चहा घेताना मला उगाच वाटायचं, हे बालाघाटावरचं ऊन आता इथून निघेल, समुद्र ओलांडेल आणि अडीच तासांनी तिथल्या धुक्यात उतरेल. आमच्याकडे शाळेत पोरांची प्रार्थना चालू असते तेव्हा तिकडे नुसतं उजाडत असतं. अंगाभोवती पांढरी शाल घेतलेल्या बाया दुधाचे कॅन घेऊन चढ चढत असतील. कधी न पाहिलेल्या त्या गावात मी रोज थोडा वेळ राहून यायचो. चहा निवायचा.

तर तक्रार अशी होती. आठवडाभर तिथलं दूध नासत होतं. केंद्र म्हणे, टाकी खराब आहे. कंपनीला संशय ऑपरेटरवर, की टाकी वेळेवर चालू होत नाही. ऑपरेटर म्हणजे अल्माझ नावाची तिशीतली बाई. कंट्रोलर सांगत होता, कोमट दूध तिथल्या सकाळी सातला टाकीत पडलं. केंद्राकडून आलेल्या अल्माझच्या रजिस्टरच्या फोटोत वेळ होती एक. रोज एक. दुपारी एकला तर टाकीत थेंबही पडलेला नव्हता. बाई मनानं वेळा लिहिते आणि काहीतरी लपवते, असं मी ठरवून टाकलं.

माझ्या मेलवर केंद्रानं तिला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

शनिवारी फाईल बंद करायला टाकीचा सीरियल नंबर हवा होता. म्हणून मी आपल्या साडेदहाला व्हिडिओ कॉल लावला. अल्माझनंच उचलला. दारातून तिरकं ऊन आत आलं होतं, तिच्या तोंडातून वाफ निघत होती. मागे भिंतीवर घड्याळ. त्यात दोन वाजले होते.

“तुमचं घड्याळ बंद पडलंय,” मी इंग्रजीत म्हणालो.

“नाही. दोन वाजलेत.”

“आठ वाजलेत.”

तिनं दाराबाहेर बोट दाखवलं. “सूर्य बाराला उगवतो. मग एक वाजतो, मग दोन. आमच्याकडे दिवस तिथून मोजतात.”

मी कंट्रोलरच्या आणि रजिस्टरच्या वेळा पुन्हा शेजारी ठेवून पाहिल्या. कंट्रोलरचे सात म्हणजे तिचा एक. खोटं लिहिणारा माणूस रोज नेमका सहा तासांचा फरक ठेवून खोटं लिहील होय? हे मला आधीच दिसायला हवं होतं. मला मनापासून लाज वाटली.

पण दूध तर नासत होतंच. “फोन टाकीच्या मागे न्या,” मी म्हणालो.

टाकीमागे गोवऱ्यांची भिंत रचलेली होती. वडवणीकडे थापतात तशाच, बोटांच्या ठशांसकट. दुधातली उष्णता टाकीच्या मागचा पंखा बाहेर फेकतो. त्याची वाटच बंद झाली होती.

“पाऊस आहे ना,” अल्माझ ओशाळून म्हणाली. “इथे लवकर वाळतात.”

माझी बायको वडवणीची. ती मागून डोकावून बघत होती. “आवं, बराबरच हाय की! पावसाळ्यात आमी बी गोवऱ्या चुलीमागंच ठिवत होतो.” मी तिला मेलची आणि घड्याळाची गोष्ट सांगितली. तशी ती हसायची थांबली. “मग कावून खोटी म्हन्ले तिला? लई वाईट केलं तुमी.”

अल्माझनं गोवऱ्या हलवल्या. दुपारपर्यंत मी लॅपटॉपसमोरून उठलो नाही. आकडा हळूहळू चारवर आला. मग साहेबांना फोन लावला.

“अहो, तुमच्या नावानं रिपोर्ट गेलाय,” साहेब म्हणाले. “आता फिरवला तर कंपनीची शोभा होईल.”

“माझी तर झालीच आहे. मी केंद्राला लिहितोय.”

लिहिलं. नोंदी खऱ्या आहेत. वेळ वाचण्यात चूक माझी. टाकीमागची हवा अडली होती, आता मोकळी आहे. ऑपरेटरला काढू नये.

अल्माझचीही माफी मागितली. ती म्हणाली, “दूध चांगलं आहे ना? मग झालं.”

सोमवारी आपल्या साडेनऊला, म्हणजे तिथल्या सातला, मी पडद्यावर नजर लावून बसलो. कोमट दूध पडलं. थोड्या वेळानं रजिस्टरचा फोटो आला, अल्माझच्या अक्षरात: एक.

दुसऱ्याच्या नोंदीवर शेरा मारण्याआधी जागा बघावी, त्या माणसाशी बोलावं. आमच्या धंद्यात त्याला साइट व्हिजिट म्हणतात. तीस वर्षं मी नव्या पोरांना हेच शिकवत आलो होतो.