दोऱ्याला बांधलेली मादी

आमचे मालक निजामाची हद्द ओलांडून सोलापूरकडं गेले ते परतले नव्हते; त्याच साली येडशीच्या रानात पतंग गोळा करणारा एक हैदराबादी माणूस आला. पंखांची भुकटी कोटाला पुसायची सवय; कोटाची एक बाजू पिवळी पडलेली.

त्यानं तळहाताएवढी पिवळी मादी माझ्या दारच्या बोरीला दोऱ्यानं बांधली. पंखांवर काचेसारखे चार डोळे होते.

"नर मिळाल्याबिगर जात नक्की ठरत न्हाय, बाई. वासावर येतो, लई लांबून."

"तवर ही खाती काय?"

"हिला तोंडच नसतं. फकस्त वाट बघायची."

तो मुक्कामाला रामलिंगाच्या देवळाकडं गेला. मला बघवेना. मी दोरा कापला.

सकाळी मादी त्याच फांदीवर बसलेली. नर आला नव्हता. तो माणूस परत आला. त्यानं मी कापलेला दोरा बघितला, मग माझं कुंकू, आणि तिला न्यायला उघडलेली डबी मिटली.

"अजून एक रात राहू द्या तिला," तो म्हणाला.