घडीच्या टपाची फेटण : ठाण्याहून कल्याणास

साठी उलटल्यावर माणसाने तीर्थयात्रेचा विचार करावा, गाडीघोड्याचा नव्हे, असे मला अनेकांनी ऐकविले आणि मलाही ते पटत होते. तरी गेल्या मार्गशीर्षात मी ठाण्यास जाऊन एक जुनी, कातडी टपाची, एका घोडीची फेटण विकत घेतली आणि स्वतः हाकीत कल्याणास आणली. त्याच वाटेने कोणास यावयाचे असेल, किंवा अशी गाडी घेण्याचे कोणाच्या मनात घोळत असेल, तर त्यास माझा अनुभव उपयोगी पडेल म्हणून हे लिहीत आहे.

कारण एवढेच की आमच्या कुटुंबाचे गुडघे धरले. बैलगाडीचा प्रत्येक हिसका तिला हाडापर्यंत जाऊन लागे. दोन वर्षे ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. आमच्या कल्याणच्या शेणाळे तळ्याचे पाणी एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढेसे मागणे तिने दोनदा केले आणि पुढे तेही सोडून दिले. फेटणीला पोलादी कमानी असतात, ती पाळण्यासारखी चालते, असे मी ऐकून होतो. मी बेत सांगितला तेव्हा ती म्हणाली, "अहो, पण गायीच्या कातड्यावर मी बसायची नाही. आणि तुम्हीही त्याला हात लावून यायचे नाही. तसे जमत असेल तर आणा." मी वचन दिले.

पहाटेच्या आगगाडीने मी ठाण्यास उतरलो. सोबत दशम्या, केळी, तांब्या, बसण्याच्या जागी अंथरावयास एक लोकरीची धाबळी आणि माझा जुना, विरलेला रेशमी मुकटा. लोकर व रेशीम यांना विटाळ चिकटत नाही हे शास्त्र सर्वांना ठाऊक आहे. माझा उपाय त्याच दोहोंवर उभा होता.

गाडीचा मालक इनासबाबा हा तेथील जुन्या ख्रिस्ती कुळांपैकी, भातशेती करणारा. वय माझ्याएवढेच. विलायतेस परत जाणाऱ्या एका साहेबाकडून त्याने ती तरुणपणी घेतली होती. अंगणात चिंचेखाली ती उभी होती. काळा टप, पितळी दिवे, चाकांच्या आऱ्यांवर झिजलेली तांबडी रेघ. इनासबाबाने दोन्ही बाजूंच्या खिट्या काढल्या आणि टप हळूच मागे पाडला. पंख मिटून बगळा बसावा तसा तो घडी होऊन मागे विसावला, आणि गाडीवर एकदम सगळे आकाश आले. खरे सांगतो, त्या क्षणी मला गुडघ्यांचा विसर पडला. ही वस्तू मला माझ्यासाठी हवी होती. ते जाणवून मी थोडा ओशाळलो.

"हाकनार कोन?" इनासबाबाने विचारले.

"गाडीवान ठेवीन."

"मंग नाय द्येयाची. गाडीवान चाबूक मारतान. चांदीला आजवर चाबूक ठावं नाय." चांदी म्हणजे घोडी. ती पांढरी नव्हे, राखी रंगाची होती. "बसनारा हाकील तं देतू. मना पैशांची घाई नाय."

मी म्हणालो, "मीच हाकीन." तोंडातून शब्द गेले खरे, पण लगाम मी जन्मात धरला नव्हता. वीस वर्षे देवळात प्रवचन करताना शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम असे मी श्रोत्यांस सांगत आलो, आणि श्रोतेही माना डोलावीत आले. आम्हांपैकी कोणी तो हाती घेऊन पाहिला नव्हता.

तीन दिवस मी ठाण्यात एका स्नेह्याच्या घरी उतरून इनासबाबाच्या अंगणात शिकलो. पहिल्याच सकाळी मी मुकट्याच्या पट्ट्या फाडून लगामावर गुंडाळू लागलो. तो बघत राहिला.

"शास्त्रीबुवा, ह्ये काय?"

"चामड्याला हात लागू नये म्हणून."

"आन पायातला जोडा? तो काय केलीच्या पानाचा हाय?"

"जोडा उंबऱ्याबाहेर राहतो, बाबा."

"तं घोडी काय मी तुमच्या सैपाकघरान बांधतू?" त्याची सून ओटीवर भात पाखडत होती, ती सूप तोंडापुढे धरून हसली. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "रेशीम हातान ऱ्हायाचा नाय, बुवा. उतारावर तं नायच." मी त्यास म्हटले की वचन दिले आहे. घोडीशी मराठीत बोलावे, लगाम ओढण्यापूर्वी तिला हाक मारावी, एवढे मात्र त्याने माझ्याकडून घोकून घेतले.

चौथ्या दिवशी सूर्योदयाबरोबर निघालो. कोलशेतच्या तरीपर्यंत, म्हणजे गाडीघोडे खाडीपार नेणाऱ्या होडीपर्यंत, इनासबाबा शेजारी बसला होता. माजिवड्यापर्यंत सडक उत्तम, खडी दाबलेली. पुढे कोलशेतकडे वळताच धूळ फार, तरी कमानींमुळे अंगाला काही कळत नाही. भात कापून झाले होते. उडव्यांतून ताज्या पेंढ्याचा वास येत होता आणि खाडीकडे मिठागरांचे बांध लिंपणारी माणसे ओणवी होती. टप मागे असला म्हणजे जग निराळे दिसते. बैलगाडीच्या तट्ट्याआडून मी हाच मुलूख अनेकदा ओलांडला होता, पण त्यावर एवढे मोठे आकाश आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

गाडीने जाणारांस सूचना अशी की भरतीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी. ओहोटीत धक्क्यापुढे गुडघाभर चिखल असतो आणि तरीला काठ गाठता येत नाही. घोडे सोडून आधी चढवावे, गाडी चार माणसांनी मागून ढकलावी, आणि टप घडी करून बांधावा, नाहीतर वारा भरतो. कोलशेतला हे सर्व इनासबाबाने केले. मग चांदीच्या कपाळाला कपाळ लावून तो काही पुटपुटला आणि मागे न पाहता पायी ठाण्याकडे चालू लागला.

पलीकडे भिवंडीच्या रस्त्याला लागून एका वडाखाली दशम्या खाल्ल्या. कोनगाव येईपर्यंत मी एकटा होतो, आणि नको तितका खूश होतो. तेथे दुसरी खाडी, समोर कल्याण. धक्क्याकडे जाणारा रस्ता तिरपा उतरतो. त्या दिवशी भरतीचे पाणी नुकतेच मागे हटले होते आणि फरशीवर शेवाळाचा थर होता.

उतार लागला तसा गाडीचा भार घोडीच्या पुठ्ठ्यावर आला आणि तिने पाय उचलले. मी लगाम ओढला. हातात मुकटा आला, लगाम आतून सरकत पुढे गेला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. अंथरलेल्या धाबळीसकट मीही गुळगुळीत बैठकीवरून पुढे घसरलो. डावे चाक फरशी सोडून चिखलाच्या कडेला लागले आणि गाडी कलली. घोडीचा श्वास मला ऐकू येत होता. वचन, शास्त्र, मुकटा यांतले काही मी विचारात घेतले असे म्हणणे खोटे होईल. मी दातांनी व नखांनी रेशीम ओरबाडून टाकले, उघडा चामड्याचा लगाम दोन्ही मुठींत आवळला, "चांदी!" म्हणून ओरडलो आणि मागे रेललो. तळहात सोलले गेले. ती थांबली.

तरीवरचा कोळी धावत आला. त्याने तिचे तोंड धरले. "अवो आजोबा, हातभर राहिलं व्हतं! घोरी चिखलान रुतली अस्ती तं पाय मोरला अस्ता तिचा!" मग लोंबणारे रेशीम पाहून त्याने विचारले, "आनि ह्ये कापर कशाला बांधलंव? नवरी हाय का ती?"

मी घोडीच्या मानेवर हात ठेवला. ती थरथरत होती. नियम पाळल्याचे पुण्य माझ्या नावे आणि मोडलेला पाय तिचा, अशी ती वाटणी होणार होती. इनासबाबाने मला तीन दिवस आधी सांगितले होते, आणि मी त्याच्यासमोर वचनाचा शब्द ढालीसारखा धरला होता.

तरीतून खाडी ओलांडताना मी एकच गोष्ट ठरवीत होतो. घरी कुटुंबाला सांगावे की नाही? न सांगितले तर ती गाडीत बसेल. सांगितले तर बहुधा कधीच बसणार नाही.

तिसऱ्या प्रहरी दारात गाडी उभी केली. आमचे कुटुंब ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. मी पायरीखालीच थांबलो आणि तळहात पुढे केले. "चामड्याला हात लागला. नुसता लागला नाही, मीच धरला. वचन मोडले." आणि सारे सांगितले.

तिने तळहात पाहिले आणि माझ्यामागे उभ्या घोडीकडे नजर टाकली. मग म्हणाली, "घोडीला लागले का?"

"नाही."

"पाय पाहिलेत तिचे?"

"चारही पाहिले."

"मग तिथे काय उभे राहिलात? हात द्या."

"अगो, मला स्नान करायचे आहे. तू शिवलीस तर तुलाही."

"म्हणूनच म्हणते. तुम्हांला स्नान करायचे आहेच. ते आधी करून मग मला फिरवून आणलेत तर पुन्हा करावे लागेल. आधी तळ्यापर्यंत नेऊन आणा. मग दोघांच्या स्नानाला बंब एकदाच पेटवू."

मी तिला हात दिला. पायरी ठेंगणी होती, तरी गुडघ्यांमुळे ती दुसऱ्या खेपेस चढली. धाबळी अंथरावयास मी वाकलो तर म्हणाली, "घसरते म्हणालात ना? राहू द्या." शेणाळे तळ्याच्या काठी आम्ही दिवे लागेपर्यंत होतो. "पाणी कमी झालंय," एवढेच ती एकदा म्हणाली.

त्यास आता वर्ष होत आले. अशी गाडी पाळणे म्हणजे घरात आणखी एक वृद्ध माणूस असणे होय. टपाला दर पंधरवड्यास तिळाचे तेल चोळावे लागते, नाहीतर घडीच्या रेषेवर कातडे तडकते. तो तेलाचा हात मी स्वतः फिरवितो. मंडळी विचारतात, शास्त्रीबुवा, हे कोणत्या ग्रंथात बसते? मी त्यांच्याशी वाद घालीत नाही. आचार सोडला आहे असे मला वाटत नाही, आणि तो होता तसाच आहे असेही म्हणवत नाही. आमच्या घरी संध्याकाळी आधी गाडी जुंपली जाते, आणि आम्ही तळ्यावरून परतल्यावर बंब पेटतो.