सरूआजी आणि गव्हाचं कुसळ

मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचं बोललं तर त्याला बाकावर उभं करायचे... त्यामुळे हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

लॉकडाऊनमधली पहिली सुगी. आमचं गाव वालूर. गहू काढताना आमच्या ह्यांच्या डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. एरवी गावात अशा वेळी एकच पत्ता — सरूआजी. ती पापणी उलटून जिभेच्या शेंड्यानं कण अलगद टिपून घ्यायची. पण आजी नुकतीच पुण्याच्या लेकीकडून आलेली, म्हणून तिला आमच्याच शाळेत विलगीकरणात ठेवलं होतं. दाराशी पहारा.

"दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"नको. करोना म्हणून कोंडून घालतेत तिथं. आजी सुटली की काढून घेईन!" आणि हे डोळ्याला ओला रुमाल बांधून आडवे झाले. खरं सांगते, दवाखान्याची भीती मलाही होतीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेशी बसून पेंगत होते. डोळे उघडे होते की मिटलेले, आजही सांगता येत नाही... सरूआजी आत आली. मास्क हनुवटीवर, मिश्रीचा वास. खाटेवर वाकली, पापणी उलटली, जीभ लावली. मला त्याचं काही नवल वाटलं नाही, उलट फार शांत वाटलं. मग ती माझ्याकडे वळली.

"कुसळ निघालं बाई. पण बुबुळ पांढरं पडायलंय, ते माझं काम न्हाई. आजच्या आज परभणीला ने."

मी दचकून उठले. दाराला आतून कडी तशीच होती. तेवढ्यात ह्यांनी विचारलं — "आजी गेली का?"

मोबाइलच्या उजेडात डोळा पाहिला... बुबुळावर पांढरा ठिपका! दिराच्या भाजीच्या टेम्पोत ह्यांना घातलं आणि निघालो.

परभणीत डोळ्यांच्या विभागातली बाकडी रिकामी होती. "सुगीत इथं बसायला जागा नसते," डॉक्टर म्हणाले. "कुसळं जायची थांबली नाहीत हो, माणसं यायची थांबलीत. भीतीपोटी घरीच डोळे घालवून बसतात." तपासता तपासता ते थांबले. "कुसळ कुणी काढलं? जखम चिघळलीय. उद्या आला असता तर हा डोळा गेला होता."

मी औषधाची चिठ्ठी घेतली.

आजी सुटल्यावर आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. अजून काही बोललोही नव्हतो.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "शाळेत दुपारी पडले होते, तर झोपेत जिभेला कायतरी टोचलं बघ. अजून दुखायलंय." तिनं जीभ दाखवली. शेंड्यावर बारीक पांढरा फोड.

मग आजी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "डोळा कुणाचा होता गं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे रडत होते... दोन्ही डोळ्यांनी.

याचा उलगडा मला अजून झालेला नाही. बाकावर उभं करणं मात्र मी बंद केलंय.