काश्मीरला नेता येतं का?

केजला आमच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि नवऱ्यानं मला त्याच्यापुढं बसवलं. घरात तेवढी शिकलेली मीच. फोटो दुरुस्त करायचा फुकटातला प्रोग्राम कुणीतरी सीडीवर दिला होता. गिऱ्हाइकांचे प्रश्न ठरलेले. गोरं करता येतं का? मेलेल्या सासऱ्याला लग्नाच्या फोटोत उभं करता येतं का? काश्मीरला नेता येतं का? येतं, बाबांनो, सगळं येतं! दुकानाचा उंबरठा न ओलांडता मी अर्धा तालुका बर्फात उभा केला. मला मात्र आष्टीला माहेरी जायचं म्हटलं की नवरा म्हणायचा, “मग दुकान कोण बघणार?”

एकदा चिडून मी स्वतःलाच काश्मीरला नेलं. स्टुलावर बसून काढलेला माझा फोटो घेतला, मागची भिंत कापली, डोंगर टाकले. नवरा रागावलासुद्धा नाही. नमुना म्हणून त्यानं तो दर्शनी काचेत लावला.

ऊसतोडीला निघालेली एक बाई फोटो काढून घ्यायला आली होती. आमच्या स्टुलावरून उठून जाताना काचेपाशी थांबली.

“ताई, इतक्या लांब गेलतात, तर हेच स्टूल कावून नेलं?”

मी बाहेर येऊन बघितलं. सगळं कापलं होतं. स्टूल कापायचं मला सुचलंच नव्हतं.