गरम भाकरीचा ठेका

मावशी गार भाकरी वाढताना तोंड फिरवायच्या. अगदी खरं सांगते. टोपलीतली भाकरी मुलीच्या ताटात टाकायची आणि मान भिंतीकडे वळवायची. वर पुटपुटायच्या, "जेवा गं बायांनो. पाप माझं न्हाई."

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. वेल्ह्याला आमच्या शाळेचं मुलींचं वसतिगृह होतं. पाली, विंझर आणि डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुली तिथं राहायच्या. मी भोरातून आलेली नवी मास्तरीण. लग्न व्हायचं होतं, म्हणजे संध्याकाळी मला काही काम नसणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवून वसतिगृहाची देखरेख माझ्या गळ्यात घातली होती. मावशी तिथल्या स्वयंपाकीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. बरीच वर्षं हंगामी राबून त्या कायम झाल्या, तेव्हा त्यांनी सगळ्या शाळेला पेढे वाटले होते. वसतिगृहामागची एक खोलीही त्यांना मिळाली होती.

आता हा गार भाकरीचा घोळ काय, ते सांगते. चारला शिपाई घंटा द्यायचा. घंटा झाली की चूल पेटवायची, सहाच्या आत सगळ्या भाकऱ्या थापून टोपलीत रचायच्या आणि चूल विझवायची. साडेसातला प्रार्थना, मग पंगत. तोवर नाचणीची भाकरी अशी चिवट व्हायची की धाकट्या मुली दोन्ही हातांनी ओढून तोडायच्या. सरपण वाचावं म्हणून हा नियम. नियम करणारे सगळे घरी बायकोच्या हातची तव्यावरची भाकरी खाणारे, हे वेगळं सांगायला नको!

मावशींनी संस्थेच्या अध्यक्षांकडे, म्हणजे तात्यांकडे दोनदा विषय काढला. तात्या माणूस वाईट नव्हते, पण शिस्तीचे भारी वेडे. म्हणाले, "मावशी, नोकरीत आहात तोवर नियम पाळायचा."

"आन नोकरीत नसले तर?" मावशींनी विचारलं. तात्या हसले. मीही हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत.

दोन दिवसांनी माझ्याकडे आल्या. "बाई, हिरीचा गाळ काढायला ठेकेदार आला व्हता का न्हाई? त्याला कुणी घंटा दिली? कुणी म्हनलं, अमुक वाजता फावडं उचल? गाळ निघाल्याशी मतलब! मंग सैपाकाचा ठेका मलाच द्या की. साडेसातला जेवाण तयार. सरपन माझं, चूल कवा पेटवायची ते बी माझं मी बघंन."

मी त्यांना फाडफाड बोलले. म्हटलं, "वेड लागलंय का? कायम नोकरी सोडायची आणि त्याच चुलीपुढं ठेक्यानं बसायचं? उद्या काढून टाकलं तर कुठं जाल?"

"विंझरला भाऊ हाय की." मग म्हणाल्या, "पर तितं बी भाकरी गारच मिळंल, बाई. म्हनून तर काढू द्यायचं न्हाई."

मावशींनी हेच तात्यांपुढं मांडलं. तात्यांनी ठेका दिला, पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच. एक जरी गोष्ट खटकली तर ठेका बंद, खोली रिकामी आणि नोकरीही परत नाही. मी म्हटलं, अजून एकदा विचार करा. मावशींनी मात्र राजीनाम्यावर अंगठा उठवला आणि बोट पदराला पुसून टाकलं.

पहिल्याच संध्याकाळी मुली माझ्याकडे भूक भूक करत आल्या. मी स्वयंपाकघरात गेले. पीठ चाळून ठेवलेलं, चटणी वाटलेली, लाकडं रचलेली आणि मावशी गार चुलीपुढं हात बांधून बसलेल्या!

"अहो मावशी, चूल?"

"घंटा कुटं झालीया?"

"कोण देणार घंटा? ठेका तुमचा ना?"

"आत्ता गं बया!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं घंटेवर हललेले हात, ते बिचारे घंटेचीच वाट पाहत होते. मग त्यांनी पळी उचलली, पातेल्याच्या झाकणावर ठण्ण करून हाणली आणि काडी ओढली. पुढे रोज स्वतःची घंटा स्वतः वाजवल्याशिवाय त्यांनी कधी चूल पेटवली नाही.

सगळ्यांना एकदम गरम वाढणं शक्यच नव्हतं. मावशींनी पंगतच मोडली. पाच-सहा मुलींनी ताटं घेऊन चुलीशी यायचं, तव्यावरची भाकरी थेट ताटात. बाकीच्यांनी ओसरीवर अभ्यास करायचा. मावशींची माझ्याकडे रजा मागायची सवय मात्र सुटेना. "बाई, उद्या भावाकडं जाऊन येऊ का?" मी म्हणायचे, "मला काय विचारता? ठेकेदाराला विचारा." त्या विचारात पडायच्या आणि मान हलवायच्या. "बदलीला मानूस न्हाई, नगंच म्हनतीया. नोकर व्हते तवा रजा मिळायची. ही ठेकेदारीण लई खडूस हाय."

दिवाळी चार दिवसांवर आली आणि एका संध्याकाळी तात्या न सांगता हजर. आत गलका चाललेला, पंगतीचा पत्ता नाही. तात्या कडाडले, "पंगत कुठं आहे? हा काय बाजार मांडलाय?" मुली ताटं घेऊन भिंतीला सरकल्या. मला तर मावशींचं बोचकं विंझरच्या वाटेवर दिसायला लागलं.

मावशींनी तवा सोडला नाही. म्हणाल्या, "तात्या, हात धुवा आन ओसरीवर बसा. आता ह्या पोरींची पाळी हाय."

अध्यक्ष ओसरीवर! एका धिटुकलीनं त्यांच्यापुढं पाटी सरकवली आणि हातचा का धरायचा ते विचारलं. पाळी येईपर्यंत तात्या वजाबाकी शिकवत बसले. मग चुलीपुढं पाटावर आले. टम्म फुगलेली भाकरी, हुलग्याचं पिठलं, लसणाची चटणी. ताट पुसून जेवले. आणखी एक भाकरी हवी, असं हळूच म्हणाले.

"तुमचं जेवाण ठेक्यात बसत न्हाई, तात्या. पर घ्या. ही माझ्याकडनं."

मुली खुदखुदल्या. तात्या उठले, चपला घातल्या. "पंगत मोडलीत, ते मला आवडलेलं नाही," म्हणाले. दारापाशी थांबून म्हणाले, "सुट्टीत चुलीजवळची जागा वाढवून घ्या. फार दाटी होते."

तात्या फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच मावशींनी पिठाच्या हातांनी माझे दोन्ही हात धरले आणि तिथंच फुगडी! माझं नवं पातळ पांढरं झालं, पण त्या दिवशी मी कुणाला रागावणार?

पुढे माझं लग्न ठरलं आणि मी शाळा सोडली. निघायच्या आदल्या संध्याकाळी लक्षात आलं, सगळ्यांना गरम वाढणाऱ्या मावशी स्वतः शेवटी उरलेली गार भाकरी खातात. त्यांना दरडावून पाटावर बसवलं आणि मी तव्यापुढं बसले. माझी भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली, मधे करपलेली. पण गरम होती. ताटात वाढली, तेव्हा मावशी कितीतरी वेळ नुसत्या तिच्या वाफेवर हात धरून बसल्या.

मग एक घास खाल्ला आणि माझ्याकडे वर बघून म्हणाल्या, "बाई, तुमी आपली नोकरीच करा. ठेका काय तुमच्यानं हुयाचा न्हाई."

आणि करपलेल्या भागासकट सगळी भाकरी संपवून त्यांनी ताट पुढं केलं. "वाढा अजून एक."